अंधुक सोबत्यांचा शोधयात्री

पावसाळा सरून आकाश निवळले की संध्याकाळी डोक्यावर श्रवणाचा तेजस्वी तारा दिसू लागतो. हात लांब करून मूठ धरली असता आकाशाचा जेवढा भाग झाकला जातो, साधारण तेवढ्याच अंतरावर, त्याच गरुड तारकासमूहात एक तांबडा तारा आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पृथ्वीपासून तो सुमारे १९ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे खगोलशास्त्राच्या हिशेबाने अगदी शेजारच्या आळीत. या ताऱ्याला एक सोबती आहे आणि तो त्याच्याहूनही सुमारे दोन हजार पटींनी मंद आहे. हा सोबती आपल्या सूर्याच्या जागी आणून ठेवला, तर भरदुपारी पृथ्वीवर पौर्णिमेच्या चांदण्याहून थोडासाच अधिक उजेड पडेल. तरीही तो ग्रह नव्हे, तर स्वतःच्या तेजाने प्रकाशणारा तारा आहे. तारा किती लहान असू शकतो, या प्रश्नाच्या उत्तराची सीमारेषा जिथे आहे, नेमका तिथेच तो उभा आहे.

१९४४ साली हा तारा शोधणारे खगोलशास्त्रज्ञ म्हणजे जॉर्ज व्हॅन बीसब्रुक. त्यांच्या आडनावावरून हा तारा आज जगभर व्हीबी-१० या नावाने ओळखला जातो. शोध लागला तेव्हा त्यांचे वय ६४ वर्षांचे होते आणि पुढच्याच वर्षी नियमाप्रमाणे त्यांना सेवानिवृत्त व्हावे लागले. त्यानंतरही जवळजवळ तीन दशके हा माणूस दुर्बिणीपासून दूर गेला नाही. प्रसिद्धीचा झोत फारसा वाट्याला न आलेल्या या शास्त्रज्ञाचे आयुष्य त्याने शोधलेल्या ताऱ्यांइतकेच विलक्षण आहे.

जॉर्ज अशील व्हॅन बीसब्रुक यांचा जन्म २१ जानेवारी १८८० रोजी बेल्जियममधील गेंट या शहरात झाला. हे घराणे कलावंतांचे. घरात चित्रकला आणि शिल्पकलेची परंपरा होती. जॉर्ज मात्र या वाटेने गेले नाहीत. त्यांनी बांधकाम अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि ब्रुसेल्स येथील रस्ते व पूल खात्यात नोकरी धरली. सरकारी नोकरी, ठरलेला पगार आणि समाजात मान, असे सारे काही सुरळीत होते. पण या तरुण अभियंत्याचे मन रात्रीच्या आकाशात गुंतले होते. ब्रुसेल्सजवळच्या उक्ल येथील राजकीय वेधशाळेत ते स्वेच्छेने काम करू लागले. अखेर १९०४ मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी, त्यांनी अभियंत्याची नोकरी सोडली आणि ते वेधशाळेत पूर्णवेळ रुजू झाले. सोबत गेंट विद्यापीठात खगोलशास्त्राचे रीतसर शिक्षणही त्यांनी पूर्ण केले.

त्या काळी युरोपात खगोलशास्त्र शिकायचे तर जर्मनीला पर्याय नव्हता. व्हॅन बीसब्रुक यांनी हायडेलबर्ग आणि पोट्सडॅम येथील वेधशाळांमध्ये काम केले. हायडेलबर्गला माक्स वुल्फ होते. आकाशाचे छायाचित्र घेऊन त्यातून लघुग्रह आणि वेगाने सरकणारे तारे हुडकून काढण्याच्या तंत्रातील ते अग्रणी मानले जात. काचेवरच्या छायाचित्रात लपलेला एखादा क्षुल्लक ठिपका म्हणजे एक स्वतंत्र जग असू शकते, हे या विद्यार्थ्याने तिथे जवळून पाहिले. पुढे याच वुल्फ यांच्या नावाने ओळखला जाणारा वुल्फ ३५९ हा सिंह राशीतील तांबडा तारा अनेक वर्षे ज्ञात ताऱ्यांमध्ये सर्वांत मंद म्हणून गाजला. त्याचा तो विक्रम मोडणार होता तो हायडेलबर्गला येऊन गेलेल्या या बेल्जियन तरुणाच्या हातून.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियमवर आक्रमण केले आणि व्हॅन बीसब्रुक यांचे सारे जगच बदलून गेले. ज्या देशात त्यांनी विद्या घेतली त्याच देशाच्या फौजा त्यांच्या मायभूमीत घुसल्या होत्या. अशा स्थितीत १९१५ साली अमेरिकेतील यर्क्स वेधशाळेचे निमंत्रण आले. पेटलेल्या युरोपातून बायको आणि मुलांना घेऊन निघणे, पुढे अटलांटिक ओलांडणे, हे त्या दिवसांत जिवावरचे काम होते. तरीही व्हॅन बीसब्रुक यांनी ते धाडस केले. हे स्थलांतर पुढे कायमचे ठरले. १९२२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले.

यर्क्स वेधशाळा शिकागो विद्यापीठाची होती. विस्कॉन्सिन राज्यातील विल्यम्स बे या छोट्याशा गावी, जिनिव्हा सरोवराच्या काठी ती उभी आहे. तिथली ४० इंची भिंगाची दुर्बीण ही भिंगाच्या दुर्बिणींमध्ये जगातली सर्वांत मोठी. हिवाळ्यात तिथे तापमान शून्याच्या पुष्कळ खाली जाते आणि वेध घेताना दुर्बिणीचा घुमट गरम ठेवता येत नाही. कारण गरम हवा थरथरली की ताऱ्यांच्या प्रतिमाही थरथरतात. त्यामुळे नेमक्या सर्वांत निरभ्र रात्री म्हणजे सर्वांत गारठ्याच्या रात्री, हे तिथल्या निरीक्षकाचे प्राक्तन. व्हॅन बीसब्रुक यांनी अशा रात्रींची तीसेक वर्षे तिथे काढली. सहकारी त्यांना प्रेमाने व्हॅन बी म्हणत.

त्यांचे मुख्य काम जोडताऱ्यांचे होते. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांमधले अंतर आणि त्यांची दिशा दुर्बिणीत बसवलेल्या अतिशय बारीक तंतूंच्या साह्याने मोजायची, वर्षामागून वर्षे मोजत राहायची आणि त्यातून त्यांची कक्षा काढायची. हे काम रटाळ वाटेल, पण त्याला पर्याय नाही. ताऱ्याचे वजन करायला तराजू नसतो. एक तारा दुसऱ्याला किती जोराने खेचतो, यावरूनच त्याचे वस्तुमान कळते आणि त्यासाठी जोडतारे हवेत. एका माणसाने सुरू केलेले मोजमाप पुष्कळदा त्याच्या नातवंडांच्या पिढीतल्या शास्त्रज्ञाच्या कामी येते. आपल्या हयातीत फळ दिसणार नाही, हे ठाऊक असूनही चिकाटीने करायचे असे हे काम आहे.

याखेरीज धूमकेतू आणि लघुग्रह यांचाही त्यांना छंद होता. १९२५, १९३५ आणि १९५४ मध्ये त्यांनी एकेक धूमकेतू शोधला. त्यातला तिसरा धूमकेतू सुमारे साडेबारा वर्षांनी सूर्याकडे परत येतो आणि त्यांचेच नाव वागवतो. त्यांच्या नावावर १६ लघुग्रहांचे शोध आहेत. त्यातल्या तीन लघुग्रहांना सिमोना, मिकेला आणि एडविन ही आपल्या मुलांची नावे त्यांनी दिली. ११ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांना आणखी एक लघुग्रह सापडला. पहिल्या महायुद्धाच्या युद्धबंदीचा तो स्मरणदिन होता. त्या लघुग्रहाला आर्मिस्टिशिया, म्हणजे युद्धबंदी, असे नाव मिळाले. नियतीचा खेळ असा की, त्याच्या दोनच महिने आधी युरोपात दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले होते. एका युद्धाने मायदेशाबाहेर काढलेल्या माणसासाठी या नावामागे काय दडले असेल, याची कल्पना करता येते.

त्याच वर्षी, मे १९३९ मध्ये, टेक्सास राज्यातील डेव्हिस पर्वतराजीत मॅक्डोनाल्ड वेधशाळेची ८२ इंची आरशाची दुर्बीण सुरू झाली. आकाराने ती तेव्हा जगात दुसऱ्या क्रमांकाची होती आणि यर्क्सचे शास्त्रज्ञ तिचा वापर करीत. विल्यम्स बे आणि हा डोंगर यांच्यात हजार मैलांहून अधिक अंतर. साठीकडे झुकलेले व्हॅन बीसब्रुक या दुर्बिणीवर काम करू लागले आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या शोधमोहिमेला सुरुवात झाली.

मोहिमेमागचा विचार साधा होता. आपल्या आकाशगंगेतील दर चार ताऱ्यांपैकी सुमारे तीन तांबडे बटू तारे आहेत. ते सूर्याहून लहान, थंड आणि मंद असतात. इतके मंद की, त्यातला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यांच्याहूनही मंद तारे असतील का? असल्यास ते ओळखायचे कसे? छायाचित्रात मंद ठिपक्यांची काही कमतरता नसते, ते हजारोंनी असतात. परंतु एखादा ठिपका मंद दिसतो तो जवळचा पण मुळातच दुबळा तारा आहे म्हणून, की तेजस्वी पण अतिशय दूरचा तारा आहे म्हणून, हे नुसत्या पाहण्याने समजत नाही. त्यासाठी प्रत्येकाचे अंतर मोजावे लागेल आणि हजारो ठिपक्यांची अंतरे मोजणे तेव्हा अशक्यप्राय होते.

व्हॅन बीसब्रुक यांनी शोधाची दिशाच बदलली. ज्या ताऱ्यांची अंतरे आधीच ठाऊक आहेत, अशा शेजारच्या ताऱ्यांच्या आसपासच पाहायचे, असे त्यांनी ठरवले. जवळचे तारे आकाशाच्या पार्श्वभूमीवर दूरच्या ताऱ्यांपेक्षा वेगाने सरकतात. या सरकण्याला खगोलशास्त्रात निजगती म्हणतात. एकाच भागाची दोन छायाचित्रे काही काळाच्या अंतराने घ्यायची आणि शेजारी ठेवून तपासायची. ओळखीच्या ताऱ्याबरोबर त्याच दिशेने आणि तेवढ्याच वेगाने सरकलेला एखादा मंद ठिपका सापडला, तर तो त्याचा सोबती. जत्रेच्या गर्दीत दोन माणसे सतत एकाच दिशेने, एकाच गतीने चालताना दिसली तर ती एकमेकांसोबतची आहेत, हे जसे कळते तसेच हे आहे. आणि सोबती ठरला की त्याचे अंतर वेगळे मोजायला नको. मुख्य ताऱ्याचे अंतर तेच त्याचे अंतर, आणि त्यावरून त्याचे खरे तेज लगेच काढता येते.

कल्पना सोपी असली तरी अंमलबजावणी सोपी नव्हती. गरुड तारकासमूहातील ज्या ताऱ्याजवळ हा शोध लागला, तो दरवर्षी सुमारे दीड विकला एवढाच सरकतो. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग. या गतीने चंद्रबिंबाच्या रुंदीइतके अंतर कापायला त्याला हजाराहून अधिक वर्षे लागतील. काही वर्षांच्या फरकाने घेतलेल्या दोन काचांवर हा सरकाव अगदी सूक्ष्म भरतो. शिवाय मुख्य ताऱ्याच्या प्रकाशात शेजारचा मंद ठिपका बुडून जाण्याची भीती असतेच. त्यासाठी मोठा आरसा, निर्मळ हवा, अचूक छायाचित्र आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोजमापाला सरावलेली नजर हवी होती. चार दशके जोडतारे मोजलेल्या व्हॅन बीसब्रुक यांच्याकडे ती होती.

१९४४ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष जाहीर केला. मुख्य ताऱ्यापासून ७४ विकला अंतरावर एक ठिपका त्याच्याबरोबरच सरकत होता. प्रत्यक्षात हे अंतर पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या ४००पटींहून अधिक आहे आणि त्या दोघांना एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करायला हजारो वर्षे लागतात. दृश्य प्रकाशात हा सोबती सूर्याच्या सुमारे तीन लाखांव्या हिश्श्याएवढाच प्रकाश देतो. वुल्फ ३५९ मागे पडला होता. माणसाला ठाऊक असलेला सर्वांत मंद तारा आता हा होता आणि त्याचे हे स्थान पुढे जवळजवळ चार दशके, १९८३ पर्यंत, अबाधित राहिले.

१९४५ मध्ये व्हॅन बीसब्रुक ६५ वर्षांचे झाले. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे निवृत्ती अटळ होती. पदासोबत येणारी जबाबदारी संपली, पण काम संपले नाही. उलट प्रशासनातून मोकळीक मिळाल्याने त्यांचे वेध घेणे वाढलेच. ते पाहुण्या निरीक्षकाप्रमाणे दुर्बिणीवर येत राहिले. जेरार्ड कायपर यांनी १९४९ मध्ये नेपच्यूनचा निरीड हा उपग्रह शोधल्यावर त्याची अतिशय लांबट कक्षा काढण्याचे काम व्हॅन बीसब्रुक यांनीच केले आणि पुढे त्यावरून नेपच्यूनचे वस्तुमानही काढले.

सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश सूर्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे किंचित वळतो, हे आइनस्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताचे भाकीत. ते तपासण्यासाठी खग्रास सूर्यग्रहणात सूर्याभोवतीचे तारे टिपायचे आणि तोच आकाशाचा भाग काही महिन्यांनी रात्री पुन्हा टिपून दोन्हींची तुलना करायची असते. १९४७ मध्ये व्हॅन बीसब्रुक यासाठी ब्राझीलला गेले. तिथले उत्तर हवे तेवढे अचूक आले नाही. त्यांनी हार मानली नाही. २५ फेब्रुवारी १९५२ च्या ग्रहणासाठी ते सुदानमधील खार्टुमला पोहोचले आणि सहा महिन्यांनी, ऐन ऑगस्टमध्ये, तुलनेची छायाचित्रे घ्यायला पुन्हा तिथे गेले. तेव्हा त्यांचे वय ७२ होते. आइनस्टाइन यांच्या सिद्धांताप्रमाणे प्रकाशाचे वळण १.७५ विकला असायला हवे होते. व्हॅन बीसब्रुक यांचे मोजमाप १.७० विकला आले आणि त्यातील संभाव्य चूक ०.१० विकला एवढीच होती. सिद्धांत या कसोटीला उतरला. १९५७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने जेम्स क्रेग वॉटसन पदक देऊन त्यांचा गौरव केला.

मंद सोबत्यांचा शोध या काळातही सुरूच होता. १९६१ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांनी या मोहिमेचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यातून अशा ताऱ्यांची एक मालिकाच पुढे आली. भुजंगधारी तारकासमूहातील वुल्फ ६३० या तांबड्या बटूच्या परिवारातील व्हीबी-८ हा त्यातलाच एक महत्त्वाचा तारा.

या यादीचे खरे मोल लवकरच कळले. १९६३ मध्ये भारतीय वंशाचे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ शिव कुमार यांनी एक महत्त्वाचे गणित मांडले. वायूचा गोळा आकुंचन पावताना त्याचे केंद्र तापत जाते. परंतु त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे सात टक्क्यांहून कमी असेल, तर केंद्र हायड्रोजन पेटवण्याइतके कधीच तापत नाही. असा गोळा तारा न होता हळूहळू विझत जातो. १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी अशा अपयशी ताऱ्यांना तपकिरी बटू हे नाव सुचवले. व्हीबी-१० आणि व्हीबी-८ यांचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे आठ टक्के, म्हणजे या सीमारेषेच्या जेमतेम वर. गणिताने जी रेषा कागदावर आखली, तिच्या काठावरचे तारे व्हॅन बीसब्रुक यांनी आधीच काचेवर पकडून ठेवले होते.

१९६३ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, ते ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे स्थायिक झाले. तिथे कायपर यांनी उभारलेल्या चंद्र व ग्रह प्रयोगशाळेशी ते जोडले गेले आणि जोडताऱ्यांची मोजणी त्यांनी पुढेही चालू ठेवली. २३ फेब्रुवारी १९७४ रोजी टूसॉन येथे वयाच्या ९४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात त्यांच्या ताऱ्यांनी शास्त्रज्ञांची परीक्षाच घेतली. १९८४च्या अखेरीस अमेरिकेतील एका गटाने व्हीबी-८ या ताऱ्यालाच एक सोबती असल्याचे जाहीर केले. पहिला तपकिरी बटू सापडला म्हणून मोठा गाजावाजा झाला. पण दोन-तीन वर्षांत इतरांनी शोध घेतला तेव्हा तिथे काहीच आढळले नाही. २००९ मध्ये व्हीबी-१० भोवती गुरूच्या सहापट वस्तुमानाचा ग्रह सापडल्याची बातमी आली. वर्ष उलटायच्या आतच दुसऱ्या पद्धतीने केलेल्या मोजमापांनी तीही खोटी ठरवली. आधुनिक उपकरणांच्या काळात हे दोन दावे गळून पडले, मात्र व्हॅन बीसब्रुक यांनी काचेवरच्या ठिपक्यांतून काढलेले सोबती आहेत तिथेच आहेत.

खरा तपकिरी बटू सापडला तो त्यांच्याच पद्धतीने. शशक तारकासमूहातील ग्लीझ २२९ हा सुमारे १९ प्रकाशवर्षांवरचा तांबडा बटू. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेतून १९९४ मध्ये त्याच्याजवळ एक अतिशय मंद ठिपका टिपला गेला. तो खरोखरच त्याचा सोबती आहे का, हे ठरवण्यासाठी शास्त्रज्ञ वर्षभर थांबले. दोघे बरोबर सरकले आहेत, हे सिद्ध झाल्यावरच १९९५ मध्ये शोध जाहीर झाला. या सोबत्याच्या वर्णपटात मिथेन वायूच्या खुणा होत्या, ज्या कोणत्याही खऱ्या ताऱ्यात टिकू शकत नाहीत. मराठी वाचकांसाठी अभिमानाची बाब अशी की, या शोधगटात श्रीनिवास कुलकर्णी हे खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. २०२४ मध्ये याच सोबत्याबद्दल आणखी एक उलगडा झाला. तो एक नसून, अवघ्या १२ दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे दोन तपकिरी बटू आहेत. सोबत्यालाच सोबती निघाला.

व्हीबी-१० मात्र अजूनही नवे काही शिकवतो आहे. १९९४ मध्ये हबल अंतराळ दुर्बिणीने त्याच्याकडे तासभर पाहिले. बहुतेक वेळ तो शांत होता आणि शेवटच्या काही मिनिटांत त्याच्यावर अचानक तेजाचा भडका उडाला. इतक्या क्षीण ताऱ्यातही असे स्फोट होतात, याचा तो पुरावा होता. २०१८ मध्ये त्याच्या मुख्य ताऱ्याभोवती १०६ दिवसांत प्रदक्षिणा घालणारा एक ग्रह सापडला. त्याचे किमान वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे १२ पट आहे. पूर्वी ज्या ताऱ्यांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्या तांबड्या बटूंभोवती आज जगातील अनेक दुर्बिणी ग्रहांचा शोध घेत आहेत.

चंद्रावरील एक विवर, एक लघुग्रह आणि अंटार्क्टिकातील एक पर्वत आज व्हॅन बीसब्रुक यांचे नाव वागवतात. परंतु त्यांचे सर्वांत समर्पक स्मारक निराळेच आहे. अमेरिकन खगोलशास्त्र संस्था त्यांच्या नावाने एक पुरस्कार देते. तो एखाद्या झगमगत्या शोधासाठी दिला जात नाही. आपल्या नोकरीच्या कर्तव्यापलीकडे जाऊन, निःस्वार्थ भावनेने, दीर्घकाळ खगोलशास्त्राची सेवा करणाऱ्या व्यक्तीला तो मिळतो.

मोठे तारे भडकून जळतात आणि काही कोटी वर्षांत संपतात. व्हीबी-१० सारखा इवलासा तारा आपले इंधन इतके जपून वापरतो की, तो कित्येक लाख कोटी वर्षे तेवत राहील. आपला सूर्य विझून गेल्यावरही गरुडातला हा मंद दिवा तसाच असेल. नियमाने ज्याचे काम ६५व्या वर्षी संपवले आणि जो ९४व्या वर्षापर्यंत आकाशाशी एकनिष्ठ राहिला, त्या माणसाचे नाव याच ताऱ्याला लाभावे, यापेक्षा मोठा न्याय कोणता?